शेगडींतला वायु

पूर्व विदर्भांत धानाची मळणी उरकून पौषाचे दिवस लागले म्हणजे थंडी घराघरांत येऊन बसते. गोंदिया जिल्हा हा तलावांचा व अरण्यांचा मुलूख. नवेगांवबांधाचें पाणी, नागझिऱ्याची झाडी आणि वैनगंगेचें खोरें यांमुळें येथला रात्रीचा गारठा अंगांत मुरतो, आणि विदर्भांत सर्वांत कमी तपमान कोठें उतरलें हें हिवाळ्यांत वर्तमानपत्रांत पाहूं जातां पुष्कळ वेळां गोंदियाचेंच नांव दिसतें. १९९९ सालीं भंडारा जिल्ह्यांतून हा जिल्हा वेगळा निघाला. पण थंडीवरचा उपाय दोन्हीकडे पूर्वींपासून एकच आहे. अंगणांत शेकोटी आणि घरांत शेगडी. शेकोटीनें कोणाचें फारसें वाईट केलेलें ऐकिवांत नाहीं. शेगडीचा इतिहास मात्र तितका निरपराध नाहीं, आणि तो पुष्कळ जुना आहे.

पुढें रोमचा बादशहा झालेला जूलियन हा इ. स. ३५८ च्या सुमारास पॅरिस येथें हिवाळ्याचा मुक्काम करून होता. त्या गांवास तेव्हां लुटेशिया म्हणत. त्या वर्षीं थंडी इतकी कडक पडली कीं सीन नदींतून बर्फाचे तुकडे वाहूं लागले. अंगाला काटकपणाची सवय राहावी म्हणून जूलियन आपली खोली तापवूं देत नसे. शेवटीं थंडी असह्य झाली तेव्हां त्यानें थोडेसे निखारे आंत आणावयास परवानगी दिली. त्याचें डोकें जड झालें, झोंप आली आणि जीव जातो कीं काय अशी अवस्था झाली. माणसांनीं त्याला उचलून बाहेर नेलें, वैद्यांनीं वांति करविली, आणि रात्रीं त्यास बरें वाटलें. ही हकीकत त्यानें स्वतःच लिहून ठेविली आहे. मात्र तींत दोष दिला आहे तो उष्णतेनें भिंतींतून निघालेल्या वाफेला. वैद्यांस आपल्या वांतीच्या औषधाचा अभिमान वाटला असेल. खरा उपचार त्याच्या आधींच होऊन गेला होता, तो म्हणजे रोग्याला उचलून बाहेर नेलें हा. पण तें का लागू पडलें हें कळावयास पुढें पंधराशें वर्षें जावीं लागलीं.

महाराष्ट्रांतील बाळंतिणीची खोली डोळ्यांपुढें आणली म्हणजे हा प्रकार आपल्या घरांत कसा शिरतो तें ध्यानांत येतें. बाजेखालीं निखाऱ्यांची शेगडी. तिच्यावर ओवा व बाळंतशोपा यांची धुरी. वारा लागूं नये म्हणून दार लोटलेलें, खिडकी बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या. आईला शेक मिळावा, बाळाला ऊब लाभावी, हा यांतील हेतु उत्तम. आणि ज्या वडीलधाऱ्या बायकांनीं हा रिवाज चालविला त्यांनीं आपल्या परीनें काळजीहि घेतली. धुराची शेगडी त्या कधीं आंत येऊं देत नसत. कोळसे अंगणांत पेटवावयाचे, धूर ओसरूं द्यावयाचा, आणि सारे निखारे लाल झाले म्हणजे मग शेगडी बाजेखालीं सरकवावयाची, अशी त्यांची शिस्त. धूर गेला म्हणजे बाधा गेली, हा या शिस्तीचा पाया. दुर्दैवानें तो पाया खोटा आहे.

कोळसा म्हणजे बहुतांशीं कर्ब. जळतांना त्याला भरपूर हवा मिळाली तर कर्बाचा एक अणु प्राणवायूचे दोन अणु घेतो व कार्बन डायॉक्साइड हा वायु होतो. हवा अपुरी पडली तर कर्बाच्या वांट्यास प्राणवायूचा एकच अणु येतो, आणि हा जो अर्धवट जळालेला वायु निघतो त्याला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. निखाऱ्यांच्या ढिगांत तो सारखा निर्माण होत असतो. ढिगाच्या वरच्या थरावर निळसर ज्योत नाचतांना दिसते, ती हा वायु जळत असल्याची खूण. जो जळत नाहीं तो खोलींत पसरतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. त्यानें डोळे चुरचुरत नाहींत कीं ठसका लागत नाहीं. धुरानें माणूस खोकतो आणि उठून दार उघडतो. या वायूनें त्याला झोंप येते.

मातीच्या भिंतींचें व कौलारू छपराचें जुनें घर या बाबतींत फार दयाळू होतें. कौलांच्या फटींतून वायु वर निघून जाई व दाराखालून ताजी हवा आंत येई. पावसाळ्यांत त्याच फटी गळत म्हणून घरधनी त्यांच्या नांवानें बोटें मोडी. हिवाळ्यांत त्या त्याच्या कुटुंबाचे प्राण राखीत, हें त्याच्या गांवींहि नसे. पुढें खेडोपाडीं सिमेंटच्या भिंती व सपाट स्लॅब आले, घट्ट बसणाऱ्या कांचेच्या खिडक्या आल्या. शेगडी तीच राहिली, रिवाज तोच राहिला, घर मात्र बदललें. आजीच्या काळीं कोणाला कांहीं झालें नाहीं, हा दाखला म्हणूनच आतां चालण्यासारखा नाहीं.

खेड्यांतील आणखी एका समजुतीचा येथेंच निकाल लावावा. पडीक विहिरींत उतरण्यापूर्वीं जाणते लोक दोरीनें कंदील सोडून पाहतात, आणि तो विझला तर उतरत नाहींत. ही परीक्षा विहिरीपुरती चांगली आहे. तेथें प्राणवायु कमी झालेला असतो व कार्बन डायॉक्साइड सांठलेला असतो. तो हवेपेक्षां जड असल्यामुळें तळाशीं बसतो व दिवा विझवितो. कार्बन मोनॉक्साइड हा हवेपेक्षां किंचित् हलका, सर्वत्र सारखा मिसळणारा. आणि हवेच्या हजार भागांत त्याचे तीन भाग असले तरी अर्ध्या-पाऊण तासांत जीव जाऊं शकतो. एवढ्याशा भागानें दिवा मंदसुद्धां होत नाहीं. तो शांतपणें जळत राहतो, आणि त्याच्या उजेडांत माणूस मरतो.

हा वायु म्हणजे कर्ब व प्राणवायु यांचेंच संयुग होय, असें १८०० सालीं इंग्लंडांत विल्यम क्रुकशँक या रसायनज्ञानें दाखविलें. तो मारतो कसा हें मात्र त्यानंतर अर्ध्या शतकानें कळलें. फ्रान्सांतील थोर शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यानें हा वायु हुंगवून मारलेल्या कुत्र्याचें शरीर उघडून पाहिलें तेव्हां त्याला विलक्षण गोष्ट आढळली. शिरांतील रक्त काळसर असावयाचें, तें सर्वत्र लालभडक होतें. त्यावरून त्यानें अनुमान काढलें कीं या वायूनें रक्तांतील प्राणवायूला हुसकून त्याची जागा घेतली आहे. १८५७ मध्यें हें प्रसिद्ध झालें, व त्याच सुमारास जर्मनींत होप-सायलर हाहि स्वतंत्रपणें त्याच निर्णयास आला. रक्तांतील तांबडें द्रव्य, ज्यास हीमोग्लोबिन म्हणतात, तें फुप्फुसांतून प्राणवायु उचलून सर्व शरीरास पोंचविण्याचें काम करतें. आणि या द्रव्याला प्राणवायूपेक्षां कार्बन मोनॉक्साइडची ओढ दोनशें पटींहून अधिक आहे. गोंदियाच्या धानाच्या बाजारांत गाड्या पुष्कळ उभ्या असाव्या, पण निम्म्या गाड्यांत परक्याचा माल आधींच भरलेला असावा आणि उरलेल्या गाड्यांचे गाडीवान माल उतरूं देण्यास नाखूष असावे, असा हा प्रकार. फुप्फुसें भरपूर हवा घेत असतात, हृदय धडधडत असतें, आणि तरी मेंदु उपाशीं मरतो.

या ज्ञानाचा उपयोग रोगी वांचविण्याकडे ज्यानें केला तो ऑक्सफर्डचा जॉन स्कॉट हाल्डेन. त्याची हकीकत थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे, कारण ज्या उपचारावर इस्पितळांची आजहि सर्व भिस्त आहे त्याचें मूळ तेथें सांपडतें. १८९५ सालीं त्यानें मोजून घेतलेला कार्बन मोनॉक्साइड हवेंत मिसळून स्वतःच हुंगला; मधून मधून आपल्या रक्ताचा थेंब काढून त्याचा किती भाग या वायूनें व्यापला तें तो पाहत गेला. पाहण्याची रीतहि साधी होती. निरोगी माणसाच्या रक्ताचा थेंब पुष्कळ पाण्यांत मिसळला तर तें पाणी पिंवळट दिसतें. बाधलेल्या रक्ताचें गुलाबी दिसतें. या दोन छटांची तुलना करून तो प्रमाण ठरवी. त्याच्या रक्ताचा निम्म्याहून अधिक भाग व्यापला गेला तेव्हां त्याची दृष्टि मंद झाली व पाय लटपटूं लागले. मग त्यानें प्रयोग थांबविला. यांतून एक महत्त्वाची गोष्ट त्याच्या ध्यानांत आली. स्वस्थ बसलेल्या माणसाला आपण बरे आहों असें वाटतें, आणि उठून चालूं लागतांच तो कोसळतो. स्नायूंना काम पडलें कीं प्राणवायूची मागणी वाढते व पुरवठा तर आधींच तुटलेला असतो. दारापर्यंत पोंचतां पोंचतां मेलेलीं माणसें सांपडतात त्याचें कारण हेंच.

त्याच वर्षीं त्यानें दुसरा प्रयोग केला तो उंदरावर. भांड्यांत प्राणवायु दुप्पट दाबाखालीं भरला व त्यांत कार्बन मोनॉक्साइडहि पुष्कळ सोडला. उंदराच्या रक्तांतील सर्व तांबडें द्रव्य त्या वायूनें व्यापलें, तरी उंदीर जिवंत राहिला. कारण दाबामुळें प्राणवायु रक्ताच्या पाण्यांतच पुरेसा विरघळला होता. माणूस या विषानें मरतो तो केवळ प्राणवायूच्या उपासमारीनें, आणि ती उपासमार शुद्ध प्राणवायूनें भागवितां येते, असें हाल्डेननें यावरून ठरविलें. पुढील संशोधनानें एवढी भर घातली आहे कीं हा वायु हृदयाच्या व मेंदूच्या पेशींनाहि कांहीं प्रत्यक्ष इजा करतो. पण उपचाराचें सूत्र तेथून जें मिळालें तें बदललेलें नाहीं.

पुढल्याच वर्षीं, जानेवारी १८९६ मध्यें, वेल्समधील टायलर्सटाउन येथें कोळशाच्या खाणींत स्फोट होऊन ५७ माणसें मेलीं. लोकांस वाटलें, स्फोटाच्या माऱ्यानें मेलीं. हाल्डेननें प्रेतें तपासलीं, रक्त पाहिलें आणि दाखवून दिलें कीं बहुतेक माणसें स्फोटानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडनें मेलीं होतीं. जीं स्फोटांतून वांचलीं होतीं तीं वाट चालतां चालतां मेलीं. खाणींत उतरतांना लहान पक्षी बरोबर न्यावा अशी शिफारस त्यानें केली, कारण पक्ष्याचा श्वास जलद असल्यानें त्यावर या वायूचा परिणाम माणसाच्या किती तरी आधीं होतो. पिंवळ्या कॅनरी पक्ष्यांचे पिंजरे इंग्लंडच्या खाणींत १९८६ पर्यंत वापरांत होते. त्यांतल्या एका जातीच्या पिंजऱ्यावर प्राणवायूची लहानशी नळी बसविलेली असे. पक्षी कोलमडला कीं पिंजऱ्याचें दार लावून नळी सोडावयाची, म्हणजे तो पुन्हां शुद्धीवर येई. पक्ष्यालाहि जो उपचार मिळे तो त्याच काळांत पुष्कळ माणसांना मिळत नसे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. या हाल्डेनचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन हा लहानपणीं बापाबरोबर खाणींत हिंडला होता. तोहि मोठा शास्त्रज्ञ झाला, १९५७ सालीं भारतांत आला, येथील नागरिक झाला व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारला.

आपल्या देशांतील खाणींतहि हा वायु घात करून गेला आहे. पश्चिम बंगालमधील न्यू केंदा खाणींत जानेवारी १९९४ मध्यें आग लागली, तेव्हां ५५ कामगार मेले. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोंचल्या नाहींत, वायु पोंचला. गोंदिया जिल्ह्यांत कोळशाच्या खाणी नाहींत, पण आगगाडी आहे. नागपूर-हावडा रस्त्यावर दरेकसा व बोरतलाव यांच्या दरम्यान डोंगर फोडून बोगदा काढलेला आहे, आणि वाफेच्या इंजिनांच्या काळीं चढावर संथ चालणारी मालगाडी अशा बोगद्यांत शिरली म्हणजे ड्रायव्हर व फायरमन ओला फडका तोंडाशीं धरीत. ओल्या फडक्यानें काजळी अडते, कार्बन मोनॉक्साइड अडत नाहीं. त्याचा प्रत्यय जगाला इटलींत आला. महायुद्धाच्या काळांत, १९४४ च्या २ व ३ मार्चच्या मधल्या रात्रीं, बाल्व्हानो गांवाजवळच्या बोगद्यांत एक मालगाडी चढ न चढतां अडकून पडली. धान्याच्या शोधांत निघालेले शेंकडों लोक तिच्यावर बसले होते. इंजिनांत हलका कोळसा होता, बोगदा अरुंद होता, वारा पडलेला होता. पांचशेंहून अधिक माणसें तेथल्या तेथें मेलीं. बहुतेकांनीं जागचें हलण्याचा प्रयत्नहि केला नव्हता.

हे अपघात झाले मोठे; त्यांची नोंद राहते. घरांत मंदपणें चालणारी बाधा ओळखूं येत नाहीं व तिला भलतींच नांवें मिळतात. १९२१ सालीं विल्मर नांवाच्या अमेरिकन नेत्रवैद्यानें एका कुटुंबाची हकीकत वैद्यकीय मासिकांत छापली. जुन्या वाड्यांत राहावयास गेल्यापासून त्या कुटुंबास रात्रीं पावलांचे आवाज ऐकूं येत, अंगावर कोणी बसल्यासारखें वाटे, मुलें फिकट होत चाललीं, कुंड्यांतील झाडें सुकलीं. वाडा झपाटलेला आहे अशी सर्वांची खात्री होत आली होती. शेवटीं तळघरांतील भट्टी तपासली तेव्हां तिचा वायु धुराड्यांतून बाहेर न जातां घरांत येत असल्याचें दिसलें. भट्टी दुरुस्त होतांच भूत गेलें. आपल्याकडे ओल्या बाळंतिणीला डोकेदुखी, मळमळ, भोंवळ व भास होऊं लागले म्हणजे बाहेरची बाधा, वारा लागणें, दृष्ट लागणें अशीं कारणें पुढें येतात, आणि उपाय म्हणून खोली आणखी घट्ट बंद करून शेगडींत कोळसे वाढविले जातात. रोगाच्या कारणालाच औषध समजण्याचें याहून वाईट उदाहरण शोधूनहि सांपडणार नाहीं. अशा खोलींतील बाळ अधिक धोक्यांत असतें. आणि बाळ अजून पोटांत असेल तर त्याच्या रक्ताला हा वायु आईच्या रक्तापेक्षां अधिक घट्ट बिलगतो व सुटावयास अधिक वेळ घेतो.

आग लागली असतां माणसें भाजून मरतात हाहि समज अर्धाच खरा आहे. २१ डिसेंबर २०१६ रोजीं पहाटे गोंदिया शहराच्या बाजारपेठेंतील एका हॉटेलास आग लागून सात माणसें मृत्यु पावलीं. शेजारच्या भंडारा येथें जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षांत ९ जानेवारी २०२१ रोजीं मध्यरात्रीनंतर आग लागली. सतरा बालकांपैकीं दहा गेलीं, तीं कांहीं भाजून व अधिक संख्येनें धुरानें गुदमरून. बंद इमारतींतील आगीच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड तर असतोच. शिवाय गाद्या, फोम, प्लास्टिक जळून सायनाइडचा वायुहि निघतो. म्हणून आगींतून काढलेल्या माणसाच्या अंगावर फोड नाहीं एवढ्यावरून तो बचावला असें समजतां येत नाहीं. अशा रोग्यास डॉक्टर दोन्ही विषांचा विचार करून सायनाइडवरील उताराहि देतात.

रोगी पुढें आणला असतां ओळख कशी पटवावयाची, येथें पुष्कळांची फसगत होते. जुन्या पुस्तकांत लिहिलेलें असे कीं रोग्याचा चेहरा पिकल्या चेरीसारखा लाल होतो. तो लालपणा बहुधा प्रेताच्या अंगावर दिसतो; जिवंत रोग्यांत क्वचितच, आणि सांवळ्या कातडीवर तर पाहावयासच नको. दुसरी फसगत नवी आहे. जपानांतील ताकुओ आओयागी यांच्या १९७४ च्या सुमाराच्या कल्पनेवरून बोटाला लावावयाचें प्राणवायु-मापक यंत्र निघालें, आणि २०२० सालच्या कोरोनाच्या सांथीनंतर तें घरोघर पोंचलें. यंत्र उपयोगी खरें. पण तें दोन रंगांच्या प्रकाशानें रक्ताची छटा पाहतें, आणि कार्बन मोनॉक्साइडनें व्यापलेलें रक्त त्याला प्राणवायूनें भरलेल्या रक्तासारखेंच दिसतें. माणूस बेशुद्धीच्या उंबरठ्यावर असतां यंत्र ९८ चा आंकडा दाखवितें. ज्या लाल रंगानें बर्नारला १८५७ सालीं सत्य सांगितलें, तोच लाल रंग या यंत्राला खोटें बोलावयास लावतो. खरी मोजणी इस्पितळांत को-ऑक्सीमीटर या यंत्रावर रक्ताच्या नमुन्याची होते. तंबाखू ओढणाऱ्याच्या रक्तांतहि शेंकडा दहापर्यंत हा वायु सांपडतो, हें त्या वेळीं ध्यानांत ठेवावें लागतें. शिवाय रोग्यास वाटेंत प्राणवायु दिला असेल तर आंकडा आधींच उतरलेला असतो, म्हणून आंकडा लहान तेवढी बाधा लहान असें म्हणतां येत नाहीं.

तेव्हां पहिली ओळख यंत्रावरून व्हावयाची नाहीं, विचारपुशीवरून व्हावयाची. घरांतील एकाहून अधिक माणसांचें डोकें एकदम दुखतें काय? घराबाहेर पडलें कीं बरें वाटतें व आंत आलें कीं पुन्हां दुखतें काय? खोलींत शेगडी होती काय? न्हाणीघरांत गॅसचा गीझर लावून दार-खिडकी बंद होती काय? वीज गेल्यावर जनित्र घरांत किंवा ओसरीवर चालू होतें काय? घरचें मांजर अथवा कुत्रें मलूल झालें आहे काय? जानेवारी २०२० मध्यें केरळांतील आठ प्रवासी, त्यांत चार मुलें, नेपाळांत दामण येथें गॅसच्या हीटरनें तापविलेल्या बंद खोलींत रात्रींत मृत्यु पावलीं. डोकेदुखी, मळमळ, भोंवळ हीं लक्षणें तर साध्या तापाचीं व अपचनाचींहि आहेत. वरील प्रश्न विचारला गेला तरच निवाडा होतो, आणि तो विचारावयास डॉक्टरच पाहिजे असें नाहीं.

उपचाराकडे वळतां, पहिलें काम जूलियनच्या नोकरांचेंच. दारें-खिडक्या सताड उघडाव्या, रोग्यास उचलून मोकळ्या हवेंत आणावें. चालवूं नये, हाल्डेनचा अनुभव वर आलाच आहे. आंत शिरणारानेंहि श्वास रोखून झटक्यांत काम उरकावें व खोली फार कोंडलेली असेल तर आधीं बाहेरूनच कांच फोडावी, नाहीं तर एकाचीं दोन प्रेतें होतात. कांदा फोडून नाकाशीं धरणें, लिंबाचें पाणी पाजणें यांत जाणारा वेळ फुकट. बेशुद्धाच्या तोंडांत पाणी ओतलें तर तें श्वासनलिकेंत जाण्याचें भय आहे. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर निजवावें; थांबला असेल तर ज्यास माहीत असेल त्यानें छाती दाबण्याचा व श्वास देण्याचा उपाय करावा, आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा महाराष्ट्रांत २०१४ सालापासून आहे, व बोलावतांना "कोळशाच्या वायूची बाधा" हे शब्द सांगितले तर येणारा माणूस तयारीनें येतो.

त्यानंतरचें औषध एकच, शुद्ध प्राणवायु. तोहि नाकांतल्या बारीक नळीनें नव्हे, तर पिशवी लावलेल्या घट्ट मुखवट्यांतून, पूर्ण वेगानें. साध्या हवेंत रक्तांतील निम्मा कार्बन मोनॉक्साइड निघून जावयास चार-पांच तास लागतात. शुद्ध प्राणवायूवर तेंच काम एक ते दीड तासांत होतें. बोटावरचें यंत्र ९८ दाखवीत आहे म्हणून मुखवटा काढणें ही या रोगांतील सर्वांत वाईट चूक होय. याबरोबर हृदयाचा आलेख काढतात, कारण ज्याचें हृदय आधींच दुबळें त्याला ही उपासमार लवकर भोंवते. गरोदर बाई बरी दिसूं लागली तरी तिला प्राणवायु अधिक वेळ द्यावा लागतो, पोटांतल्या बाळाचें रक्त मागें रेंगाळतें म्हणून.

हाल्डेनच्या उंदराचा प्रयोग माणसावर करण्याचें धाडस पुढें स्कॉटलंडांत ग्लासगो येथें झालें. १९६० सालीं स्मिथ व शार्प या डॉक्टरांनीं दाबाच्या कोठडींत प्राणवायु देऊन रोगी बरे केल्याचें प्रसिद्ध केलें. अशा कोठडींत वरील निम्मा भाग अर्ध्या तासाच्या आंत निघून जातो. परंतु या उपचारानें पुढील काळांतील मेंदूची हानि टळते कीं नाहीं याविषयीं विद्वानांचें एकमत झालेलें नाहीं. १९९९ सालच्या ऑस्ट्रेलियांतील प्रयोगांत लाभ दिसला नाहीं, २००२ सालच्या अमेरिकेंतील प्रयोगांत दिसला. गोंदियास २०१६ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें व कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय आणि बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय हीं त्यास जोडलीं गेलीं. दाबाच्या कोठडीच्या शोधांत रोग्यास मुखवट्यावांचून दूर नेण्यापेक्षां जवळच्या इस्पितळांत मुखवट्यासह लगेच पोंचविणें केव्हांहि शहाणपणाचें. पुढें न्यावयाचेंच असेल तर प्राणवायु चालू ठेवून न्यावें.

एवढ्यानें रोगी उठून बसला, जेवला, घरीं गेला, तरी गोष्ट पुरी होत नाहीं. कांहीं रोग्यांत दोन दिवसांपासून पांच-सहा आठवड्यांपर्यंत केव्हांहि दुसरी लाट येते. विसराळूपणा, चिडखोरपणा, चालण्यांत अडखळणें, कामांत चित्त न लागणें, कधीं कंप. घरचे लोक त्यास भीतीचा परिणाम म्हणतात, आणि बाळंतिणीच्या बाबतींत तर अशक्तपणा म्हणून सोडून देतात. ही लक्षणें दिसतांच तिला पुन्हां डॉक्टरास दाखवावें आणि शेगडीची ती रात्र आठवणीनें सांगावी. कारण तोंपर्यंत रक्तांत त्या वायूचा मागमूसहि उरलेला नसतो, आणि घरच्या माणसांनीं सांगितल्यावांचून डॉक्टरास तो कळावयाचा नाहीं.